मुलाखतीच्या खोलीत शरीर काय बोलतं

(तोंडवली येथे आदिवासी युवक-युवतींसाठी झालेल्या रोजगार मार्गदर्शन शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज पहाटे मी इथल्या किनाऱ्यावर फिरून आलो. इथून तळाशीलकडे निघालं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे पाणीच, पण एका पाण्यात लाटा आणि दुसरं शांत. होडी दोन्हीकडे चालते, पण चालवायची रीत वेगळी. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मालवणला आणि तारकर्लीला पर्यटक स्कूबा डायव्हिंगला येतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. पाण्यात उतरण्याआधी होडीतला मुलगा पाहुण्यांना हाताच्या खुणा शिकवतो. अंगठा वर केला, तर जमिनीवर त्याचा अर्थ ‘छान’ असा होतो. पाण्याखाली मात्र त्याच अंगठ्याचा अर्थ ‘मला वर घेऊन चला’ असा असतो. सगळं ठीक आहे, हे सांगायचं असेल तर अंगठा आणि शेजारचं बोट जोडून गोल करायचा. आता एखादा पाहुणा मजेत होता आणि त्याने खुशीने अंगठा दाखवला, तर त्याला वर आणलं जाणार. त्यात चूक कोणाची? पाहुण्याची नाही आणि होडीतल्या मुलाचीही नाही. खूण एकच, पण जागा बदलली की अर्थ बदलला.

मला आज एवढीच गोष्ट सांगायची आहे. मुलाखतीची खोली हे असंच वेगळं पाणी आहे. घरात, वस्तीत, रानात आपल्या अंगाच्या ज्या खुणांना ‘चांगले संस्कार’ म्हणतात, त्याच खुणांना त्या खोलीत ‘आत्मविश्वास नाही’ असं म्हटलं जातं. म्हणून आपले संस्कार टाकून द्यायचे नाहीत. त्या खोलीच्या खुणा तेवढ्या शिकून घ्यायच्या.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका मुलीचं नुकसान करून शिकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

मी बरीच वर्षं हॉटेल व्यवसायात माणसं निवडण्याचं काम केलं. रायगड जिल्ह्यातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या कामासाठी मुली घ्यायच्या होत्या. आम्ही तिघे जण टेबलामागे बसलो होतो. एका कातकरी वस्तीतली मुलगी आली. वय एकोणीस, बारावी पास, आणि वस्तीत बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. ती दाराशी उभी राहिली. आम्ही तिघेही कागद चाळत होतो. ‘बसा’ म्हणायचं आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. ती उभीच राहिली. मग कोणीतरी खूण केली, तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. नजर जमिनीवर. विचारलं त्याचं उत्तर बरोबर, पण एका-दोन शब्दांत, आणि शेवटचा शब्द तोंडातच राहायचा. एकदा हसू आलं तेव्हा तिने हाताने तोंड झाकलं. पाच मिनिटांत आम्ही तिला जायला सांगितलं. तिच्या अर्जावर शेरा मी लिहिला: ‘आत्मविश्वास नाही. पाहुण्यांशी बोलू शकणार नाही.’

साधारण वर्षभराने मी एका आरोग्य शिबिराला मदतनीस म्हणून गेलो. नोंदणीच्या टेबलावर तीच मुलगी. समोर पन्नास-साठ बायका, कडेवर पोरं, गोंधळ. ती एकेकीला नावाने हाक मारत होती, म्हाताऱ्यांना सावलीत बसवत होती, डॉक्टरांना रुग्णाचं दुखणं नीट समजावून सांगत होती. एका दारुड्याला तिने दोन वाक्यांत गप्प केलं. मी बघतच राहिलो. जेवणाच्या वेळी तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, ‘बाळ, त्या दिवशी तू अशी का नाही बोललीस?’

ती म्हणाली, ‘सर, तुम्ही मोठी माणसं. मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलू नये, असं आजीने शिकवलंय. आणि तुम्ही बसा म्हणाला नाहीत. मला वाटलं, मी आलेलं तुम्हाला आवडलं नाही.’

मग मी विचारलं, त्यानंतर काय केलंस? म्हणाली, वडिलांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली होती. ही नोकरी लागली असती तर ती मागे राहिली असती, धाकट्या भावाची शाळाही चालू राहिली असती. नोकरी नाही म्हटल्यावर सगळंच घर भट्टीवर गेलं. सहा महिने. भावाची शाळा त्या वर्षी सुटली.

मुलांनो, माझ्या एका ओळीच्या शेऱ्याची ही किंमत. ती मी भरली नाही, त्या पोराने भरली. तिच्या जागी आम्ही घेतलेली मुलगी फार छान बोलायची. दोन महिन्यांत काम सोडून गेली.

म्हणून आज मी दोघांशी बोलणार आहे. आधी तुमच्याशी, जे खुर्चीच्या या बाजूला बसणार आहेत. आणि शेवटी थोडं आमच्याशी, जे टेबलाच्या त्या बाजूला बसतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात तुम्हाला कोणीतरी सांगेल की माणसावर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि देहबोलीचा 55 टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या प्रयोगांतून आले. पण ते प्रयोग नोकरीच्या मुलाखतीवर नव्हतेच. एखादा सुटा शब्द, तो उच्चारणारा आवाज आणि समोरचा चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच त्यात तपासलं होतं. खुद्द मेहराबियन यांनीही सांगितलं आहे की हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नयेत. तेव्हा नुसतं ताठ बसून नोकरी मिळेल, या भ्रमात राहू नका. खोलीची सफाई कशी करायची हे माहीत नसेल, तर खांदे कितीही सरळ ठेवले तरी उपयोग नाही.

मोठ्या परीक्षांचंही तेच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेला 1750 गुण आणि मुलाखतीला 275. आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची, आईने मोहाची दारू विकून मुलांना वाढवलं. ते आधी डॉक्टर झाले, मग आयएएस झाले, आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी काम केलं. त्यांच्यासाठी मुलाखतीच्या खोलीचं दार आधी अभ्यासानेच उघडलं. दारातून आत गेल्यावर जे लागतं, त्याचाच विचार आपण आज करतो आहोत.

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली गोष्ट वेळेची. धावत आलेल्या माणसाचं अंगच सांगतं की हा धावत आला. घाम, चढलेला श्वास, विस्कटलेले केस. अकराची मुलाखत असेल तर दहाला पोचवणारी एसटी पकडू नका, त्याच्या आधीची पकडा. आपल्याकडची गाडी चुकली की पुढची कधी येईल, हे तुम्हाला माहीतच आहे. जमलं तर आदल्या दिवशी जाऊन ती जागा बघून या. ओळखीच्या जागी पाय कमी लटपटतात. पोचल्यावर पाणी प्या, तोंड धुवा, पाच मिनिटं शांत बसा.

दुसरी गोष्ट कपड्यांची. नवे कपडे लागत नाहीत. स्वच्छ आणि इस्त्री केलेले लागतात. इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे घालून घडी बसवायची आपल्या घरांतली जुनी पद्धत आहेच, किंवा रात्री घडी घालून गादीखाली ठेवा. मुलाखतीसाठी कर्ज काढून शर्ट घेऊ नका. त्या शर्टाची तुम्हाला सवय नसते, मग सारखा हात कॉलरकडे जातो. नवे बूट घेतलेच, तर आधी चार दिवस घालून फिरा, नाहीतर पाय चावला की चेहऱ्यावर दिसतं. चप्पल चालेल, पण तुटलेल्या पट्ट्याची नको. मुलींनी साधा पंजाबी ड्रेस किंवा साडी, ज्यात तुम्हाला भरभर चालता येतं ते. अत्तर नको, भडक तेल नको. आणि मुलांनो, तंबाखू, गुटखा, मिसरी यांचा वास आणि दातांवरचे डाग टेबलाच्या पलीकडे पोचतात. हॉटेलात आणि दवाखान्यात तर माणूस तेवढ्यावरच नापास होतो. हातावर गोंदण असेल तर ते लपवू नका. लपवण्यासाठी सारखी बाही ओढत बसलात, तर तेच जास्त दिसतं.

तिसरी गोष्ट कागदांची. गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स हे सगळं एका फाइलमध्ये, मागतील त्या क्रमाने लावून ठेवा. फाइल नसेल तर प्लॅस्टिकचं पाकीट चालेल. कागद मागितल्यावर पिशवी उलटीपालटी करणारे हात ‘हा गोंधळलेला आहे’ असं सांगतात. कागद देताना दोन्ही हातांनी द्या. ही आपलीच रीत आहे, आणि ती त्या खोलीतही चांगलीच दिसते.

चौथी गोष्ट बाहेर थांबण्याची. मुलाखत खोलीत सुरू होत नाही, गेटवर सुरू होते. वॉचमनला नाव नीट सांगा. झाडू मारणाऱ्या मावशींच्या ओल्या लादीवरून चालत जाऊ नका. मी स्वतः मुलाखती संपल्यावर गेटवरच्या माणसाला विचारायचो, ‘यातलं कोण कसं वागलं रे?’ त्याचं उत्तर पुष्कळदा आमच्या कागदांपेक्षा खरं निघायचं. मोबाइल आत जाण्याआधी बंद करा. थरथरत ठेवलेला मोबाइलही खिशात वाजतो आणि तुमचं लक्ष तिकडे जातं.

पाचवी, दार आणि नमस्कार. दारावर हलकं टकटक करा आणि विचारा, ‘आत येऊ का, सर?’ किंवा ‘मॅडम?’ आत दोन-तीन पावलं येऊन थांबा आणि हात जोडून सगळ्यांकडे एकदा बघून नमस्कार म्हणा. बऱ्याच मुलांना वाटतं, मोठ्या ऑफिसात हस्तांदोलनच करावं लागतं. तसं नाही. त्यांनी हात पुढे केला तर तळहात कोरडा करून क्षणभर हात मिळवा. नाही केला तर तुम्ही करू नका. मुलींना हस्तांदोलन नको असेल, तर हसून हात जोडले की झालं. कोणी वाईट मानत नाही, आणि मानलं तर तो दोष तुमचा नव्हे.

सहावी, खुर्ची. ‘बसा’ म्हणण्याची क्षणभर वाट बघा. कोणी म्हणालं नाही, तर विचारा, ‘बसू का?’ त्या मुलीला हे दोन शब्द कोणी शिकवले असते तर! विसरले ते आम्ही, पण उभं राहिली ती. बसताना पाठ खुर्चीला टेकू द्या. दोन्ही पाय जमिनीवर. पिशवी मांडीवर ढालीसारखी धरू नका, पायाशी ठेवा. हात मांडीवर सैल. बोलताना हात थोडे हलले तर हलू द्या, पण पेन टकटक करणं, बोटं मोडणं, पाय हलवणं नको. हात थरथरत असतील तर एक हात दुसऱ्या हातात धरा. आणि फारच धडधडत असेल तर सरळ सांगून टाका, ‘सर, माझी ही पहिलीच मुलाखत आहे, थोडी भीती वाटते.’ भीती लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते, आणि समोरचाही जरा माणसासारखा बोलू लागतो.

सातवी गोष्ट डोळ्यांची. ही सगळ्यात कठीण. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे मान आहे. जपानमध्येही एकटक डोळ्यांत बघणं असभ्य समजतात. पण आपल्याकडच्या ऑफिसातल्या माणसाला वाटतं की खाली बघणारा काहीतरी लपवतो आहे किंवा घाबरला आहे. मग काय करायचं? डोळ्यांत बघायला जमत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघा. त्याला फरक कळत नाही. तो प्रश्न विचारत असताना त्याच्याकडे बघा. उत्तराचा विचार करताना नजर बाजूला गेली तरी चालते, सगळ्यांचीच जाते. उत्तर सुरू करताना आणि संपवताना मात्र परत त्याच्याकडे या. तिघे बसले असतील तर सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून करा आणि मधे एकेकदा इतरांकडेही बघा. टक लावून बघायचं नाही. गावात आपण ओळखीच्या दुकानदाराशी बोलताना जेवढं बघतो, तेवढंच.

आठवी, आवाज. आपली मुलं वाक्याचा शेवट गिळतात. ‘हो सर, मला येतं’ यातला ‘येतं’ ऐकूच येत नाही, आणि महत्त्वाचा शब्द तोच. प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत पोचवा. खोलीतल्या सगळ्यात लांबच्या माणसाला ऐकू जाईल एवढा आवाज हवा. घाई करू नका. दोन क्षण थांबून उत्तर दिलं तर कोणी कमी समजत नाही. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ म्हणा. भाषेची लाज नको. मालवणी बोलणारा प्रमाण मराठी बोलताना मधे एखादा मालवणी शब्द आला तर काही बिघडत नाही. आपल्या जिल्ह्यात येणारा पर्यटक तर तेच ऐकायला येतो.

नववी, हसू. हसू आलं तर हसा, पण हाताने तोंड झाकू नका. समोरच्याला वाटतं की हा आपल्याला हसतो आहे किंवा काही लपवतो आहे. ऐकताना मधूनमधून मान हलवा, म्हणजे लक्ष आहे हे कळतं. सारखी हलवायची नाही.

दहावी, निघताना. संपलं असं सांगितलं की उठा, ‘धन्यवाद’ म्हणा, खुर्ची होती तिथे सरकवा आणि नेहमीच्या चालीने बाहेर जा. सुटलो एकदाचे, म्हणून पळू नका. आणि गेटबाहेर पडेपर्यंत मित्राला फोन करून ‘कसली बेकार मुलाखत झाली’ असं सांगू नका.

आता बऱ्याच मुलाखती मोबाइलवर होतात. त्यासाठी तीन गोष्टी. मोबाइल हातात धरू नका. डब्यावर, पुस्तकांवर डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे असेल तर तुमचा चेहरा काळा दिसतो. आणि बोलताना पडद्यावरच्या माणसाकडे नाही, वरच्या छोट्या कॅमेऱ्याच्या भोकाकडे बघा, तरच त्याला वाटतं तुम्ही त्याच्याकडे बघता आहात. वस्तीत रेंज कुठे येते ते आदल्या दिवशी त्याच वेळेला बघून ठेवा. घरात येत नसेल तर शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा मिशनच्या केंद्रात बसू द्या म्हणून आधीच विचारा.

एवढं सगळं लक्षात कसं राहणार? ऐकून राहणार नाही. सराव करूनच राहील. सरावाची एक युक्ती मी आपल्या जिल्ह्यातूनच उचलली आहे.

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजाची घरं आहेत. तिथे चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्या कलेचं संग्रहालय उभं केलं, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथे बसलेल्या काही मुलांच्या घरचीच ही कला आहे. कळसूत्री बाहुलीचा चेहरा लाकडाचा. तो हसत नाही, रडत नाही. तरी प्रेक्षकाला राग कळतो, दुःख कळतं. कशावरून? मान किती झुकली, हात किती उचलला, बाहुली किती वेळ स्थिर उभी राहिली, त्यावरून. ज्या समाजाला लाकडाच्या बाहुलीकडून हे बोलून घेता येतं, त्या समाजाच्या मुलाला ‘तुझी देहबोली चांगली नाही’ असं कोणी म्हणालं, तर मी ते मानणार नाही. कला आहे, ती या खोलीसाठी वापरायची एवढंच बाकी आहे.

तर सराव असा करा. दोघं दोघं बसा. एकाने साहेब व्हायचं, एकाने उमेदवार. तिसऱ्याने मोबाइलवर पाच मिनिटं चित्रण करायचं. मग ते आवाज बंद करून बघायचं. आवाज नसला की आपलं अंग काय बोलतं ते स्वच्छ दिसतं. एका वेळी एकच गोष्ट सुधारा. आज फक्त बसणं. उद्या फक्त नजर. परवा आवाज. सगळं एकदम करायला गेलात तर बोलायचं काय तेच विसराल. आणि ‘साहेब’ म्हणून कधी गावातल्या एखाद्या खऱ्या वडीलधाऱ्या माणसाला बसवा, गुरुजींना, सिस्टरना, सरपंचांना. मित्रासमोर नजर वर राहते, कस लागतो तो मोठ्यांसमोर.

आता थोडं आमच्याविषयी. या सभेत हॉटेल, दवाखाने आणि संस्था चालवणारे काही हितचिंतक बसले आहेत, आणि वार्तापत्र वाचणारेही बरेच आहेत. त्यांना हात जोडून सांगतो.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. वशिल्याला आणि पैशाला वाव राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. पण खासगी नोकरीत मुलाखत आहेच. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला, 2021 साली चिपीला विमानतळ सुरू झाला. हॉटेलं वाढली, निवास-न्याहारी वाढली, तशा नोकऱ्याही वाढल्या. त्या नोकऱ्यांत आमची मुलं किती दिसतात, ते तुम्हीच मोजा.

माझी विनंती चार गोष्टींची आहे. उमेदवार दारात आला की आधी ‘या, बसा’ म्हणा आणि पाणी द्या. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. नुसतं बोलून घेऊ नका, काम करून दाखवायला सांगा. पलंग घालायला सांगा, टेबल मांडायला सांगा, बिलाची बेरीज करायला सांगा. हात काय करतात ते बघा, डोळे कुठे आहेत ते नंतर. आणि आपापसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण वेगळे लिहा, म्हणजे एकाच्या मताने सगळे वाहून जात नाहीत. ‘आत्मविश्वास नाही’ हा शेरा लिहायची वेळ आली तर पेन खाली ठेवा आणि स्वतःला विचारा, मी याला किती वेळ दिला? त्याच्याशी बोलताना मी त्याच्याकडे बघत होतो का?

त्या दिवशी आम्ही तिघेही कागदांकडे बघत होतो. नजर खाली तिची एकटीची नव्हती.

ती मुलगी पुढे काय झाली, हे तुम्हाला ऐकायचं असेल. आमच्या हॉटेलात जागा भरलेली होती, तिथे मी तिला घेऊ शकलो नाही. पण आठ-दहा रविवार आम्ही सराव केला. तिच्यासोबत वस्तीतली आणखी तीन मुलं यायला लागली. माझ्यासमोर बसून डोळ्यांत बघायला तिला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी तिने मलाच सांगितलं, ‘सर, तुम्ही प्रश्न विचारताना घड्याळाकडे बघता.’ बरोबर होतं ते! पुढे एका दवाखान्यात तिची निवड झाली. आता ती तिथे रुग्णांची नोंदणी बघते. भाऊ पुन्हा शाळेत जायला लागला. एक वर्ष मागे पडला, ते मात्र पडलाच.

मागे भेटली तेव्हा मी तिला विचारलं, आता आजीसमोर कशी बोलतेस? हसली. हाताने तोंड न झाकता हसली. म्हणाली, ‘आजीसमोर नजर खालीच असते, सर. ते घर आहे.’

मुलांनो, मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. दोन्ही पाण्यांत होडी चालवता आली पाहिजे, आणि घरी परत येता आलं पाहिजे.

आता बोलणं पुरे. मागच्या खुर्च्या पुढे घ्या, दोघं दोघं समोरासमोर बसा. जे साहेब होणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, समोरचा आला की पहिला शब्द तुमचा. तो शब्द आहे ‘बसा’.